गनर मिनार्स्की याचा अखेरचा सलाम

(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत, मृतांच्या स्मरणास वाहिलेल्या नोव्हेंबर महिन्यात, धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत आपण ज्यांची नावे आदराने घेतो त्यांची कामे सर्वांच्या डोळ्यांसमोर झालेली असतात. कोणी जमीन दिली, कोणी घंटा दिली, कोणी शाळेच्या भिंतीसाठी डोक्यावरून दगड वाहिले. ह्या गोष्टी पाहणारे पुष्कळ होते, म्हणून त्या आपल्यापर्यंत पोहोचल्या. आज मी आपणांस एका अशा तरुणाची हकीकत सांगणार आहे की, ज्याचे कृत्य पृथ्वीच्या पाठीवर केवळ एका मनुष्याने पाहिले, आणि तो मनुष्यही पुढच्या काही क्षणांत मरणार हे जवळजवळ ठरलेले होते. हा तरुण आपल्या देशाचा नव्हे, आपल्या भाषेचा नव्हे. तथापि आपल्या युवक मंडळातील मुलांनी मला एक प्रश्न विचारला, आणि त्याचे उत्तर देताना मला ह्याच तरुणाची आठवण झाली. प्रश्न असा होता: दुसऱ्यास वाचविण्यास गेलेला मनुष्य स्वतः मेला आणि त्याच्या धडपडीने दुसऱ्यास काहीच साहाय्य झाले नाही, तर त्याने प्राण फुकट घालविला असे म्हणावयाचे की नाही?

अँड्र्यू मिनार्स्की ह्याचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ रोजी कॅनडा देशातील विनिपेग शहरी झाला. आईबाप पोलंडमधून तेथे येऊन राहिलेले. पोलिश लोक आपणां मराठी भाषकांस अगदीच परके नाहीत. १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरनजीक वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वस्ती होती. त्यांत बहुतेक बायका व मुलेच होती, आणि त्यांची आठवण त्या बाजूस अद्याप निघते. मिनार्स्कीचे घराणे मात्र युद्धापूर्वीच समुद्रापार गेलेले. अँड्र्यू सोळा वर्षांचा असताना बाप वारला. घरात भावंडे होती. मुलाने कातडी कापण्याच्या धंद्यात काम धरले आणि आईच्या संसारास हातभार लावला. ह्यापलीकडे त्याच्या तरुणपणाविषयी सांगण्याजोगे फारसे नाही, आणि ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या धर्मग्रामात बाप गेल्यावर शाळा सोडून कारखान्यात लागलेले कितीतरी मुलगे मी पाहिले आहेत. तो त्यांच्यासारखाच एक होता. १९४१ साली त्याने कॅनडाच्या विमानदलात नाव घातले व पुढे तो इंग्लंडास गेला.

तेथे तो ४१९ व्या पथकात होता. पथकाचा तळ इंग्लंडच्या उत्तर भागातील मिडल्टन सेंट जॉर्ज येथे होता. विमान लँकेस्टर जातीचे, चार इंजिनांचे, कॅनडातच बांधलेले. अशा विमानात सात माणसे असत: वैमानिक, इंजिनांवर नजर ठेवणारा, मार्ग दाखविणारा, बाँब टाकणारा, बिनतारी संदेश पाहणारा आणि दोन गनर. एक गनर विमानाच्या पाठीवरील काचेच्या बुरुजात, दुसरा अगदी शेपटाच्या टोकास. मिनार्स्की पाठीवरचा. शेपटाकडील गनर पॅट ब्रॉफी हा त्याचा जिवलग स्नेही.

शेपटाकडील गनरची स्थिती आपण नीट ध्यानात घ्या, म्हणजे पुढील हकीकत कळेल. तो इतर सहा जणांकडे पाठ करून, एकटा, रात्रीच्या कडक थंडीत तासचे तास बसलेला असे. ज्या बुरुजात तो बसे तो तेलाच्या दाबाने डावीउजवीकडे फिरे. बुरुजाची दारे पाठीमागे. ती विमानाच्या अंगाशी सरळ रेषेत आली तरच आत जाता येई. जागा इतकी अपुरी की, हवाई छत्रीसुद्धा अंगावर ठेवता येत नसे, ती दाराबाहेर विमानाच्या पोकळीत टांगलेली असे. संकटाच्या वेळी गनरने बुरूज सरळ करावा, दार उघडून छत्री आत घ्यावी, ती छातीशी अडकवावी, मग बुरूज पुन्हा बाजूला फिरवून उलटी उडी घ्यावी, असा क्रम होता. विमान जळत असता हे सर्व करावयाचे.

हुद्द्याने ब्रॉफी वरचा होता. हवाई तळावर अधिकाऱ्यांची राहण्याची जागा निराळी, इतरांची निराळी. त्यामुळे रोज रात्री निरोप घेताना मिनार्स्की गंमतीने ताठ उभा राही, सलाम करी आणि म्हणे, “गुड नाइट, सर.” दोघे मित्र, त्यात हुद्द्याची थट्टा. मिनार्स्कीस पुढे अधिकाऱ्याची बढती मिळाली, परंतु ती त्याच्या मृत्यूच्या अगदी तोंडावर.

आता १२ जून १९४४ ची रात्र. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरून अवघे सहा दिवस झाले होते, आणि जर्मन कुमक रेल्वेने तेथे पोहोचू नये म्हणून उत्तर फ्रान्समधील रेल्वे यार्डे मोडण्याचे काम चालले होते. मिनार्स्कीच्या विमानास कांब्रे येथील यार्डाचे लक्ष्य दिले होते. ह्या मंडळींची ही तेरावी फेरी, आणि मध्यरात्रीनंतर तारीखही १३ लागणार. तेराचा आकडा अशुभ मानण्याची खुळी समजूत आपल्याही काही घरांत शिरली आहे. मी तिला किंमत देत नाही. उड्डाणापूर्वी गवतावर बसले असता मिनार्स्कीस चार पानांची क्लोव्हर सापडली. तिकडे ती सुदैवाची खूण समजतात. ती त्याने स्वतःपाशी न ठेवता ब्रॉफीस दिली. पानात काही सामर्थ्य असते असे मला वाटत नाही, परंतु देणाऱ्याचे मन त्यात दिसते.

फ्रान्सचा किनारा ओलांडल्यावर ते विमान शत्रूच्या शोधदिव्यांच्या झोतात सापडले, त्यातून निसटले, आणि थोड्याच वेळात युंकर्स ८८ जातीच्या एका जर्मन विमानाने अंधारातून येऊन त्याच्यावर गोळ्यांचा वर्षाव केला. डाव्या पंखावरील दोन्ही इंजिने बंद पडली. पंखास आग लागली, आणि दोन गनरांच्या मधल्या भागातील तेलाच्या नळ्या फुटून तेथेही ज्वाळा उठल्या. परस्परांशी बोलण्याचे यंत्र बंद पडले. वैमानिक आर्ट द ब्रेन ह्याने दिव्याच्या खुणेने सर्वांस उड्या टाकण्याची आज्ञा दिली व विमान होईल तितके समतोल धरून ठेविले. पुढच्या भागात बाँब टाकणारा फ्रायडे हा झाकणाचा फटका लागून बेशुद्ध पडला होता. इंजिनांचा माणूस विगर्स ह्याने त्याची छत्री त्याच्या अंगी अडकविली, तिची दोरी हाताशी घेतली व त्यास बाहेर लोटून दिले. फ्रायडे वाचला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण त्या रात्री त्या विमानात आपल्या सोबत्याची काळजी वाहणारा मिनार्स्की एकटाच नव्हता. फरक इतकाच की, विगर्सचा प्रयत्न सफळ झाला.

मिनार्स्की आपल्या बुरुजातून उतरून मागील दारापाशी आला. छत्री अंगावर होती, दार उघडे होते, आज्ञा मिळालेली होती. उडी घेतली असती तर कोणी त्यास एका शब्दाने दोष दिला नसता. तेवढ्यात त्याने शेपटाकडे पाहिले. ब्रॉफीने छत्री बांधली होती, पण नळ्या फुटल्यामुळे बुरूज फिरेना. हाताने फिरविण्याचा दांडा होता, तो मोडून ब्रॉफीच्या हातात आला. बुरूज अर्धवट फिरून अडकला होता: त्यास आत येता येईना, बाहेर पडता येईना.

मिनार्स्की दारापासून परतला. मधल्या भागात पेटलेले तेल वाहत होते. त्यातून तो हातापायांवर रांगत बुरुजापर्यंत गेला. तेथे पोहोचला तेव्हा कमरेखालचे कपडे व छत्री पेटली होती. त्याने कुऱ्हाड घेऊन बुरुजावर घाव घातले. बुरूज हलेना. मग हातांनी ओढू लागला. ब्रॉफी काचेतून हे सर्व पाहत होता. आपली सुटका होत नाही हे त्यास कळून चुकले होते, आणि डोळ्यांसमोर मित्र जळत होता. त्याने हाताने खुणावले, ओरडून सांगितले: परत जा.

येथे मी क्षणभर थांबतो. मिनार्स्कीच्या त्यागाविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या अडकलेल्या मनुष्याच्या हाताच्या खुणेविषयी मला वारंवार विचार येतो. मरणाच्या दारी बसलेल्या माणसास सोबत किती हवीशी असते, हे आजाऱ्यांच्या उशाशी बसणाऱ्या आम्हां धर्मगुरूंस ठाऊक आहे. हात धरून ठेवावा, सोडू नये, एवढेच ते मागतात. ब्रॉफीने आपला सोबती स्वतःच दूर लोटला, केवळ तो जगावा म्हणून. त्या चार हातांच्या अंतरात दोन माणसे एकमेकांस जीव देऊ पाहत होती, आणि दोघांपैकी कोणाचाही देकार त्या घटकेस कामी आला नाही.

मिनार्स्कीस दुसरा उपाय राहिला नाही. परंतु तो पाठ फिरवून गेला नाही. ज्वाळांतून तो मागे मागे सरकत, तोंड ब्रॉफीकडे ठेवून, दारापर्यंत गेला. तेथे जळत्या कपड्यांनिशी ताठ उभा राहिला, हात उचलून सलाम केला, आणि त्याचे ओठ हलले. त्या गोंगाटात शब्द ऐकू येणे शक्य नव्हते. ब्रॉफीस ते ऐकावे लागले नाहीत. रोज रात्रीचेच शब्द होते.

मग त्याने उडी घेतली. खाली शेतातील फ्रेंच लोकांनी अग्नीचा गोळा उतरावा तसा त्यास उतरताना पाहिले. तो जिवंत सापडला, परंतु इतका भाजला होता की थोड्याच वेळात त्याचे प्राणोत्क्रमण झाले. वय २७ वर्षे. आमियेंजवळील मेअरिकूर गावाच्या दफनभूमीत त्यास पुरले आहे.

विमान पुढे गोदियांप्रे गावाजवळ पडले. आत ब्रॉफी होता आणि सगळे बाँब होते. वैमानिकाने उडी घेण्यापूर्वी ते समतोल राखले होते म्हणूनच की काय, ते उभे न कोसळता जमिनीस घासत गेले. एक पंख झाडावर आदळला, शेपूट हिसक्याने तुटले, आणि जो बुरूज कुऱ्हाडीने उघडला नाही तो त्या हिसक्याने उघडून ब्रॉफी बाहेर फेकला गेला. बाँबांपैकी थोडे फुटले, बाकीचे फुटले नाहीत. ब्रॉफी भानावर आला आणि आपण जिवंत आहोत हे त्याच्या ध्यानात आले. फ्रेंच खेडुतांनी त्यास लपविले. असे केल्याबद्दल सापडले असते तर जर्मनांनी त्या घरातील माणसांस गोळ्या घातल्या असत्या, हे त्यांस पुरते ठाऊक होते. सात जणांपैकी चौघे असे लपून सुटले, दोघे कैद झाले, आणि मेला तो एकटा मिनार्स्की.

सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रॉफी इंग्लंडास परत पोहोचला तेव्हा त्यास मित्राच्या मृत्यूची वार्ता कळली. शेपटाकडे त्या रात्री काय घडले हे जगात केवळ त्यास ठाऊक होते. वैमानिकासही काही कल्पना नव्हती. पुढे १९४५ साली मंडळी पुन्हा भेटली, तेव्हा द ब्रेनने सर्व ऐकून घेतले व वरिष्ठांकडे शिफारस केली. ११ ऑक्टोबर १९४६ रोजी मिनार्स्कीस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. हे पदक म्हणजे काय हे कोकणातील लोकांस सांगावयास नको. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे ह्यांस तेच पदक मिळाले. मिनार्स्की गेल्यावर महिना उलटण्यापूर्वी, १० जुलै १९४४ रोजी, ते इटलीत लढताना पडले, आणि माणगावात त्यांचा पुतळा आहे. एकीकडे विनिपेगची विधवा आई, दुसरीकडे कोकणातील घर. पदके एकसारखीच.

आता जो आक्षेप काहींच्या मनात आला असेल तो मी टाळीत नाही. तो तरुण बाँब टाकावयास निघालेल्या विमानात होता. बाँब खाली पडतात तेव्हा सैनिक कोण, तान्हे मूल कोण, हे पाहत नाहीत. त्या उन्हाळ्यात रेल्वे यार्डांवरील हल्ल्यांत फ्रेंच नागरिकही मेले, ज्यांच्या सुटकेसाठी ते सर्व चालले होते. आणि जर्मनीतील शहरांची गोष्ट तर ह्याहून भयंकर आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन शहरात सुमारे पंचवीस हजार माणसे मेली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट सांगितले की, संपूर्ण शहरांचा त्यांतील रहिवाशांसह सरसकट नाश करणे हा देव व मनुष्य ह्यांच्या विरुद्ध अपराध आहे. ते मी ह्या व्यासपीठावरून सौम्य करून सांगणार नाही. एका गनरच्या शौर्याने त्या राखेचा हिशेब फिटत नाही, आणि तो फिटविण्यासाठी मी ही कथा सांगितलेली नाही.

पण त्याच हिशेबाची दुसरी बाजूही आहे. ब्रिटिश बाँबर दलात जी माणसे उडत असत ती सुमारे सव्वा लाख. त्यांपैकी ५५,५७३ मेली. कॅनडाची त्यांत सुमारे दहा हजार. बहुतेक विशीतली, आईस पत्र लिहिणारी मुले. मोहिमा आखणारे नकाशासमोर बसत. ही मुले आगीत बसत. युद्धाचा न्याय करताना दोघांस एका मापाने मोजू नये, असे माझे मत आहे. मिनार्स्कीने आयुष्याच्या अखेरच्या मिनिटांत जे केले ते कोणास मारण्यासाठी नव्हते. हाती कुऱ्हाड होती ती मित्रास सोडविण्यासाठी. मित्रासाठी प्राण देण्याविषयी प्रभूने आपल्या शिष्यांस त्या अखेरच्या रात्री जे सांगितले ते आपणां सर्वांस पाठ आहे. तेथे प्रभूने मित्र वाचलाच पाहिजे अशी अट घातलेली मला आढळत नाही.

म्हणून आता मुलांच्या प्रश्नाकडे येतो. गणिती रीतीने पाहिले तर मिनार्स्कीने काय मिळविले? काही नाही. त्याने लगेच उडी टाकली असती तर तो बहुधा जगला असता, आणि ब्रॉफी जसा वाचला तसा वाचलाच असता. हे आपण आज, सर्व शेवट माहीत असताना, सावलीत बसून म्हणतो. त्यास शेवट माहीत नव्हता. त्याला फक्त काचेमागचा चेहरा दिसत होता. एखादे पोर विहिरीत पडते तेव्हा धावणारा मनुष्य आधी पाण्याची खोली मोजीत नाही. मोजीत बसला तर त्यास आपण शहाणा म्हणू, पण आपले पोर त्याच्याजवळ ठेवणार नाही. आणि काही मिळाले नाही असे तरी कसे म्हणावे? ब्रॉफी त्यानंतर एकटा नव्हता. ज्या मिनिटांत त्याने मरणाची वाट पाहिली, त्या मिनिटांतही त्यास ठाऊक होते की, आपल्यासाठी एक मनुष्य आगीतून आला होता. ह्याची किंमत बाहेरच्यास काय कळणार? ती त्यालाच विचारावी. आणि तो उरलेले आयुष्य हीच गोष्ट सांगत राहिला.

आणि येथे मला भय वाटते ते सांगतो. ब्रॉफी वाचला हा योग. जमिनीस घासताना ते शेपूट आणखी एक क्षण तुटले नसते, किंवा उरलेले बाँब फुटले असते, तर मिनार्स्की केवळ यादीतील एक आकडा राहिला असता: विमान पाडले गेले, एक गनर भाजून मेला. त्या ५५,५७३ जणांत असे किती झाले असेल? किती काचांमागून कोणी हात हलविला, आणि पाहणारा व करणारा दोघेही त्याच आगीत गेले? आपल्या मृतांच्या नोंदवहीत मी कधी जुनी पाने चाळतो. नाव, वय, तारीख, पुरले ती जागा. तापाच्या साथीत शेजाऱ्याची शुश्रूषा करता करता गेलेल्या बाईचीही नोंद त्या एका ओळीत बसते. तिने काय केले ते लिहिण्यास वहीत रकाना नाही. म्हणून ज्यांनी पाहिले असेल त्यांनी सांगावे. आपल्या घरातील वृद्धांस ह्या महोत्सवाच्या वर्षी बसवून विचारा, आणि लिहून ठेवा. स्मरणिकेच्या पानांत घंटा देणाऱ्यांची नावे आहेत. ही दुसरी नावे अजून बाहेरच आहेत, आणि सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

मिनार्स्कीचे पुढे काय झाले ते सांगून संपवितो. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे, मॅनिटोबा प्रांतात त्याच्या नावाची सरोवरे आहेत. मिडल्टन सेंट जॉर्ज येथे, जेथून त्याचे विमान उडाले त्या धावपट्टीजवळ, २००५ साली त्याचा पुतळा उभारला. शिल्पकाराने त्यास बंदूक दिली नाही. तो सलाम करीत उभा आहे. लँकेस्टर जातीची उडण्याजोगी विमाने आता जगात दोनच उरली आहेत, त्यांपैकी कॅनडात हॅमिल्टन येथे असलेले १९८८ पासून त्याच्या स्मृतीस वाहिलेले आहे. त्याच्या अंगावर मिनार्स्कीच्या विमानाचीच अक्षरे रंगविली आहेत. २०१४ साली ते अटलांटिक महासागर ओलांडून इंग्लंडास गेले होते. शेपटाकडील काचेचा बुरूज त्यास अजून आहे.